जंगल वाचवायचंय? आधी पाटी रंगवा

तर तुम्हाला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं जंगल वाचवायचंय, आणि सरकारला जाग यावी म्हणून काहीतरी कल्पक करायचंय. चांगलं आहे. नुसतं निवेदन देऊ नका. निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो आणि झाड तिसऱ्या दिवशी जातं.

झाडाला मिठी मारणार असाल तर सोडा. शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये सळकणीच्या लोकांनी १९८३ सालीच मारली, अप्पिको (कन्नडमध्ये मिठी मारणं) आंदोलन म्हणून. कंत्राटदार तेव्हा नवखे होते, गडबडले. आताचा तुमचा सेल्फी होईपर्यंत थांबतो, आणि फोटोही तोच काढून देतो.

वटवाघूळ व्हायचं सुचलंय? खानापुरातल्याच भीमगड अभयारण्याच्या बारापेडे गुहेत राऊटनचं वटवाघूळ राहतं, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं. तसा वेष करून कचेरीच्या दारात उलटं लटकायचं! पण तिथं दचकणार कोण? पश्चिम घाटाची फाईल तशीच लटकलीय. घाटातल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे केंद्राचे मसुदे जुलै २०२४ पर्यंत सहा निघाले. सहा वेळा बारसं झालं, बाळ अजून जन्मायचंय. त्यात आपल्या कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं, हे क्षेत्र सुचवणारा कस्तुरीरंगन अहवालच नको म्हणून सांगून टाकलं.

नदीची ओटी भरायला जाणार असाल तर जरा जपून. म्हादईचं पाणी कर्नाटकाला मलप्रभेत वळवायचंय, गोव्याला ते नकोय. म्हादईची भरलीत तर तुम्ही गोव्याचे हस्तक. मलप्रभेची भरायला कणकुंबीला गेलात तर गोवेकर रुसणार. म्हादईच्या पाणीवाटप लवादानं २०१८ साली १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाच्या पदरात घातलं. वाद तीन राज्यांचा होता, बेडकांना वकील कुणी दिला नव्हता. तेव्हा खण-नारळ घरीच ठेवा. डिसेंबरात अधिवेशनावेळी बेळगावच्या सुवर्णसौधाबाहेर (तिथल्या विधानभवनाबाहेर) मंडप घालायचा विचारही नको. तिथं इतके मंडप असतात की तुमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड समजून बघतील.

मग करायचं काय? सोपं आहे की हो. एक फळी घ्या, त्यावर ठळक अक्षरात लिहा : ‘झाड तोडू नका’. मराठीत. फक्त मराठीत. खाली गावाचं नाव ‘बेळगाव’ असं टाका. २०१४ साली ते ‘बेळगावी’ झालंय हे विसरल्यासारखं करा. पाटी झाडाला टांगा (खिळा मारू नका, झाडाला लागतो) आणि बाजूला बसून शेंगा खा.

शेंगा संपायच्या आत जीप येईल. जे सरकार अर्जाला चार महिने उत्तर देत नाही, ते असं धावत येतं. हवालदार कन्नडमध्ये विचारतील, “एन बरदीरी?” (काय लिहिलंय?) तुम्ही नम्रपणे अर्थ सांगा. ते म्हणतील, परवानगी कुठाय? कन्नड कुठाय? तुम्ही पुन्हा अर्थ सांगा. त्यांना ऐकू जाणार नाही, कारण मागं करवत चालू असेल. ते म्हणतील, “जरा मोठ्यानं बोला.”