पुस्तकातून प्रोग्रामिंग शिकता येतं

डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की एक सल्ला व्हॉट्सॲपवर हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, म्हणणं तेच राहतं: प्रोग्रामिंग पुस्तकातून शिकायचे दिवस गेले. वाचून कोड लिहिता येत नाही, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, आता तर एआयच कोड लिहून देतो, मराठी माध्यमाच्या मुलांना ती इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत, आणि पुस्तक हातात येईपर्यंत शिळं झालेलं असतं. मुलं हे मनावर घेतात आणि पुस्तक उघडतच नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. सी भाषेच्या आधारे एकेक मुद्दा तपासू, कारण आपल्याकडे अनेकांची पहिली गाठ तिच्याशीच पडते.

नुसतं वाचून कोड येत नाही, हे खरंच आहे. पण प्रोग्रामिंगचं चांगलं पुस्तक नुसतं वाचा असं म्हणतं कुठे? ब्रायन कर्निघन आणि सीचे जनक डेनिस रिची यांचं १९७८ साली आलेलं ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ पाहा. सुरुवातीलाच पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणारा छोटा प्रोग्राम आहे. त्यावरचा पहिला स्वाध्याय सांगतो: हा तुमच्या मशीनवर चालवा, मग त्यातले भाग गाळून पाहा, काय एरर येतात ते बघा. म्हणजे चालणारा प्रोग्राम स्वतःच्या हाताने बिघडवायचा. सेमीकोलन काढल्यावर कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) काय म्हणतो, कंस उघडा ठेवला तर काय म्हणतो, हे ज्याने पहिल्याच दिवशी मुद्दाम करून पाहिलं, तो पुढे एररच्या ओळी बघून घाबरत नाही.

१९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत लगेच पुढचं उदाहरण फॅरनहाइटचं सेल्सिअस करणाऱ्या तक्त्याचं आहे, ० ते ३००, २०-२० च्या टप्प्याने. सूत्रात आधी ५ ने गुणलंय आणि नंतर ९ ने भागलंय. शाळेत शिकल्याप्रमाणे आधी ५/९ का नाही? कारण दोन्ही पूर्णांक असले की सी भागाकारातला अपूर्णांक टाकून देते. ५/९ चं उत्तर ० येतं आणि सेल्सिअसचा सगळा रकाना शून्यांनी भरतो. बरं, गुणाकार आधी करूनही ० अंश फॅरनहाइटचं उत्तर -१७ येतं, जे खरं तर -१७.८ च्या जवळ आहे. ही उणीव दाखवून झाल्यावरच पुस्तक अपूर्णांक साठवणारा फ्लोट हा प्रकार पुढे आणतं. आधी अडचण, मग तिच्यासाठी लागणारं साधन. हा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला आहे, आणि पुस्तकाची खरी किंमत मला त्या क्रमातच दिसते. सुटे तुकडे गोळा करत शिकणाऱ्याला नेमका तोच मिळत नाही.

व्हिडिओबद्दल थोडंच. कंपायलर कसा बसवायचा, कोडमधली चूक शोधायला मदत करणारा डीबगर कसा चालवायचा, हे बघून लवकर कळतं. तिथे व्हिडिओच बघावा. पण दुसऱ्याचा हात सराईतपणे टाइप करताना पाहिलं की आपल्यालाही आलं असं वाटतं. छापील पानावरचा कोड मात्र टाइप केल्याशिवाय हलत नाही.

एआय कोड लिहून देतो, आणि बऱ्याचदा चांगला देतो, हे मान्य. पण तो बरोबर आहे हे ठरवायचं कुणी? समजा तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायची आहे, बेरीज २००. उत्तर ६६ आलं. कंपायलरने तक्रार केली नाही, प्रोग्राम बंद पडला नाही, आकडा पटण्यासारखा आहे. हवं होतं ६६.६७. तापमानाचा तो तक्ता ज्याने स्वतः करून पाहिलाय, त्याचं लक्ष लगेच भागाकाराकडे जाईल. बाकीच्यांना इथे काही चुकलंय अशी शंकाही येणार नाही. एआयला प्रश्न विचारायलासुद्धा आधी ती शंका यावी लागते.

इंग्रजीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो काळजीच्या सुरात सांगितला जातो आणि मुलांची उमेद घालवतो. १९८९ च्या प्रमाण सीमध्ये राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द, अवघे ३२ आहेत. प्राथमिक पुस्तकातलं इंग्रजी वर्तमानपत्रातल्या इंग्रजीपेक्षा सोपं असतं: तीच क्रियापदं, छोटी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ शेजारच्या कोडमध्ये पडताळता येतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तर साध्या, बोलक्या इंग्रजीसाठीच विद्यार्थ्यांनी आपलंसं केलं. पान आपल्या वेगाने चालतं. एक परिच्छेद तीनदा वाचा, समासात मराठीत टिपण करा, मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. एरर तर इंग्रजीतच येणार आहेत. ते वाचायची सवय इथेच लागते.

पुस्तक शिळं होतं, यात मात्र तथ्य आहे. कर्निघन-रिचींच्या पुस्तकात मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या) आधी इंट, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, लिहिलेलं नाही. जीसीसी १४ हा कंपायलर तो कोड आता थेट नाकारतो. त्यांनी स्वतः लिहिलेल्या गेटलाइन या फंक्शनचं नाव आता लिनक्सच्या लायब्ररीतल्या (तयार फंक्शनांच्या संचातल्या) फंक्शनशी भिडतं. पण या दुरुस्त्या एकेका शब्दाच्या आहेत. लूप, ॲरे, पॉइंटर हे भाषेचे मूळ भाग जिथे होते तिथेच आहेत. खरं नुकसान करतात ती टर्बो सी हा जुना कंपायलर गृहीत धरून लिहिलेली, वर्षानुवर्षं तशीच छापली गेलेली पुस्तकं. त्यांत इंट दोन बाइटचा असतो आणि ३२७६७ च्या पुढे जात नाही. तिथे ४०००० साठवायला गेलात तर -२५५३६ दिसतो. आजच्या कंपायलरवर इंट सहसा चार बाइटचा असतो. म्हणून घेण्याआधी दहा पानं चाळा. जागोजागी व्हॉइड मेन, कोनिओ आणि सीएलआरएससीआर या टर्बो सीच्या खुणा दिसल्या तर ते पुस्तक परत ठेवा. ग्रंथालयात कर्निघन-रिचींची १९८८ ची दुसरी आवृत्ती असेल तर ती घ्या, मेनच्या आधी इंट लिहा, गेटलाइनला दुसरं नाव द्या, आणि पहिल्या प्रकरणातले प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवर चालवून पाहा.