पूर्वज हवेत? आधी कॅमेरा लावा

गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ एक प्लास्टिकची नळी, मोबाइलचा स्टँड आणि तो गोल दिवा घेऊन आमच्याकडे थडकला. डीएनए चाचणीतून पूर्वज शोधण्याचे जेवढे परदेशी कार्यक्रम मिळतात तेवढे त्याने रात्र-रात्र जागून पाहिले होते. आता आपल्या घराण्याचाही एक एपिसोड व्हायलाच हवा, हे ओघानेच आले. त्या अनुभवातून मिळालेले ज्ञान मी तुमच्यापुढे ठेवतो. स्वतःचा कार्यक्रम काढा, नाहीतर घरच्यांवर प्रयोग करा, उपयोग होईलच.

पाहुणा प्रसिद्धच घ्या. सामान्य माणसांना पूर्वज नसतात.

राजा सापडलाच पाहिजे. 2016 मध्ये बीबीसीच्या 'हू डू यू थिंक यू आर?'मध्ये अभिनेता डॅनी डायर थेट चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या एडवर्डचा, वंशज निघाला. अशा वेळी गणित मात्र अजिबात करू नका. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, असे दुपटीने वीस पिढ्या मागे गेलात तर 10,48,576 पूर्वजांची जागा होते. एवढी वेगवेगळी माणसे आणायची कुठून? तीच ती परत परत येतात. सहा-सात शतकांपूर्वीच्या ज्या राजाचा वंश चालू राहिला, तो आज ब्रिटिश वंशाच्या जवळजवळ प्रत्येकाचा पूर्वज असणार, हे जनुकशास्त्रज्ञ सांगून थकले. डायरचे वेगळेपण एवढेच, की त्याची साखळी जुळवून दाखवता आली. आणि तीही जुन्या कागदांवरून, थुंकीतल्या डीएनएवरून नव्हे.

त्या कागदांमागची मेहनत चुकूनही दाखवू नका. पाहुणा अभिलेखागारात शिरतो तेव्हा नेमकी वही, नेमके पान उघडून तयार. कोणीतरी आठवडेच्या आठवडे किचकट अक्षर लावत बसले होते, त्याला पडद्यावर दीड मिनिट पुष्कळ झाले.

जाहिरातीनंतर आधीची तीन मिनिटे पुन्हा दाखवा. प्रेक्षकाला डीएनए असतो, स्मरणशक्ती नसते.

नकोसा पूर्वज निघाला तर? सोपे आहे, गाळून टाका. अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीवर हेन्री लुईस गेट्स ज्युनियर यांचा 'फाइंडिंग युअर रूट्स' हा असाच कार्यक्रम चालतो. अभिनेता बेन ॲफ्लेकच्या पूर्वजांत गुलामांचा मालक निघाला आणि त्याने तेवढे वगळण्याची विनंती केली. 2014 च्या भागात तो मालक आलाच नाही. पुढच्या वर्षी सोनी कंपनीचे चोरीला गेलेले ईमेल जगजाहीर झाले, त्यात गेट्स यांचा या विनंतीविषयीचा ईमेलही निघाला, तेव्हा हे फुटले. मग चौकशी, नियम मोडल्याचा ठपका, पुढचा सीझन लांबणीवर. धडा काय घ्यायचा? ईमेल करू नका, फोन करा.

आता नळीकडे वळू. नियम असा, की अर्धा तास आधी तोंडात काही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही, आणि थुंकी खुणेपर्यंत भरायची. फेस धरायचा नाही. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, औषधांनी तोंडाला कायम कोरड. दिवा तोंडावर. भाऊ म्हणाला, "मावशी, इकडे बघ आणि थुंक." ती बिचारी पदराने ओठ पुसत वीस मिनिटे नळीशी झटत होती. मध्येच म्हणाली, "अरे, माझी आजी म्हणायची..." तर हा म्हणतो, "थांब गं, ते नको. तू जरा भावुक हो."

निकाल आला. चार टक्के मध्य आशिया! भावाने त्याच रात्री घोड्याचा डीपी लावला आणि 'आपल्या रक्तातले घोडेस्वार' असा बारा मिनिटांचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. परवा कंपनीचा ईमेल आला, तुमचे निकाल अद्ययावत केले आहेत. मध्य आशिया शून्य. घोडा अजून आहे.

यात कंपनीने चोरी केली असे नाही. तिच्याकडे आज जिवंत असलेल्या माणसांच्या नमुन्यांचा संच असतो. तुमच्या डीएनएचे तुकडे त्यातल्या कोणाशी जास्त जुळतात, याचा तो अंदाज असतो. संच बदलला, अंदाज बदलला. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवर 2019 मध्ये एकसारख्या जुळ्या बहिणींनी पाच कंपन्यांकडून चाचण्या करून घेतल्या, तर एकाच कंपनीतही दोघींची टक्केवारी तंतोतंत जुळेना. शिवाय दहा पिढ्या मागच्या 1,024 पूर्वजांपैकी कित्येकांचा एक तुकडाही तुमच्यात उरलेला नसतो. ते तुमचे पूर्वज नव्हेत की काय? पण 'अंदाज' हा शब्द पडद्यावर म्हणायला गोड लागत नाही. 'तुमच्या रक्तात आहे' कसे खणखणीत वाजते!

माहिती सुरक्षित राहील, निर्धास्त असा. 2023 मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणी कंपनीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि 2025 च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए तेवढा बदलून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गौप्यस्फोट. बाप तो बाप नव्हे, असे निघाले की सोने! माणूस पाकीट उघडतो, कॅमेरा हळूहळू जवळ सरकतो, हात थरथरतात, मागे पियानो... आणि तिथेच ब्रेक. पन्नास वर्षे ज्याला बाबा म्हटले त्याचा प्रश्न, आणि तुम्ही तो साबणाच्या जाहिरातीवर टांगून ठेवता? लाज वाटत नाही? त्या माणसाची आई जिवंत असेल. तिने का लपवले, तिच्यावर काय गुदरले, तिला कोणी विचारले? चाचणीची सही मुलाची, बोभाटा तिच्या आयुष्याचा. आणि कार्यक्रमवाल्यांकडे निदान समोर बसून समजावणारे कोणी असते. घरी नळी मागवणाऱ्याला रात्री अकरा वाजता ईमेल येतो, बस्स.

तुम्ही बघता म्हणून हे चालते. मीही बघितले आहेत, चांगले दोन सीझन, तेव्हा मीही त्यातच आलो. पण त्या दिव्यासमोर ओठ पुसत बसलेली आई काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

तर बाळा, तू हे वाचशीलच, म्हणून सरळ सांगतो. तो व्हिडिओ आधी ग्रुपवरून काढ. आईचा नमुना नष्ट करा असे कंपनीला आजच्या आज कळव, तिने हो म्हटले ते तुझे मन मोडू नये म्हणून. आणि पुढच्या वेळी दिवाबिवा न आणता ये. आजी काय म्हणायची ते मावशीने तुला अजून सांगितलेले नाही. मलाही नाही.