‘गॅरेजमधल्या ऐकीव गप्पा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रीमियर पद्मिनीला स्पार्क प्लग कोणते घालावेत, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिता, ‘नंबर जितका मोठा तितका प्लग गार, एवढंही ठाऊक नसेल तर गॅरेजमधल्या ऐकीव गप्पा लेख म्हणून खपवू नका.’ (गार म्हणजे उष्णता इंजिनला लवकर देऊन टाकणारा प्लग, गरम म्हणजे ती जास्त वेळ धरणारा.) त्याशिवाय गॅपचा, म्हणजे ठिणगी पडते त्या फटीचा, आकडा चुकलाय, इरिडियम धातूच्या टोकाच्या प्लगांचा उल्लेख नाही आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर प्लगचा रंग बघून काही कळत नाही, असे आणखी तीन मुद्दे.

गॅपचं आधी. ०.६ मिलिमीटरऐवजी ०.०६ टाइप झालं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे, आभार.

आता ‘ऐकीव गप्पा’. वडिलांनी १९७६ सालची पद्मिनी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. गाडीचं काम कुर्ल्याच्या एका मिस्त्रींकडे असायचं. पद्मिनी बनायचीही कुर्ल्यातच. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या गॅरेजमध्ये काढल्या. प्लग आधी बोटांनी बसवायचा, आटे नीट धरले की मगच पाना लावायचा, कारण इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि आटे एकदा गेले की गेले, हे त्यांनी माझ्या हातावर चापट मारून शिकवलं. हे ऐकीव असेल तर जगातलं सगळं कारागिरीचं ज्ञान ऐकीव आहे. गॅरेजमधला म्हणजे अडाणी, हा सूर मला सहन होत नाही. माझ्यावर काय लिहायचं ते लिहा, त्या माणसांवर नको.

आणि ज्या वाक्याच्या जोरावर तुम्ही हे बोललात, ते वाक्यच अर्धवट आहे. नंबर मोठा म्हणजे प्लग गार, हे एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगना लागू. बॉशच्या आजच्या नंबरांत नेमकं उलट असतं. डब्ल्यू ७ पेक्षा डब्ल्यू ९ गरम. चॅम्पियनचंही तसंच, मोठा आकडा म्हणजे गरम. बरं, जुन्या मायको-बॉशच्या (बॉशचीच भारतातली कंपनी) डब्यांवर १४५, १७५, २२५ असे आकडे असायचे, आणि तिथे मोठा आकडा म्हणजे गार! एकाच कंपनीने दिशा बदलली. म्हणून मी लेखात लिहिलं होतं की आधी कंपनी बघा, मग नंबर. ते वाक्य तुम्ही वाचलंत का, असं विचारावंसं वाटतं.

याची किंमत मी मोजली आहे. १९९६ चा मे महिना, गाडीत पाच माणसं, पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. घाट चढायचाय म्हणून आदल्या दिवशी दुकानात थोडे गार प्लग मागितले. काउंटरवरच्या माणसाने बॉशचे डब्ल्यू ९ दिले. ‘नंबर मोठा आहे, गारच आहे’, हे त्याचे शब्द, अगदी तुमचेच. खंबाटकीत निम्म्यावर इंजिन नॉक करायला, म्हणजे आतून ठकठकायला लागलं. कडेला घेतली, चावी काढली, तरी इंजिन घरघरत राहिलं. अर्ध्या तासाने प्लग काढले. नीट चाललेल्या प्लगच्या टोकाभोवतीची चिनीमाती फिकट तपकिरी असते. इथे ती पांढरीफटक पडली होती आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर बारीक फोड आले होते. गरम प्लगच्या चिनीमातीचं टोक लांब असतं, त्यामुळे उष्णता हेडमध्ये सावकाश उतरते. शहरातल्या संथ फिरण्याला ते चांगलं, काजळी जळून जाते. घाटात भरल्या गाडीला तेच टोक तापून लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. माझे वडील रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होते, आई गाडीतून उतरायला तयार नव्हती. हे सगळं त्या एका अर्धवट वाक्यापायी झालं.

इरिडियम वाईट आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. खुशाल घाला. गार-गरमचा हिशोब तिथेही सुटत नाही.

इथेनॉलबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. रंगाचं एवढंच सांगतो, की चढ संपल्यावर आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू न ठेवता, गाडी तशीच बंद करून प्लग काढला तर रंग खरा दिसतो. मी आजही तसाच बघतो आणि मला कळतं. तुम्हाला कळत नसेल तर त्याला पेट्रोल काय करणार?

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. ज्यांनी त्या चालत्या ठेवल्या ते मिस्त्री आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांच्याकडून जे मिळालं ते लिहून ठेवायचं, एवढ्यासाठी मी रात्री जागून हे करतो. त्याला ‘खपवणं’ म्हणालात, ते लागलं.

खंबाटकीतले ते चार प्लग मी टाकलेले नाहीत. तंबाखूच्या डबीत आहेत, तिसऱ्याला दोरा बांधलाय. बघायचे असतील तर कळवा. येताना तुमच्या गाडीचा एक प्लग काढून घेऊन या.