लस येण्याआधीच डॅनी जोन्स गेला होता

‘२०२१ च्या आधी तरुण, तंदुरुस्त खेळाडू मैदानात कोसळून मरत नव्हते. कोविडची लस आली आणि हे सुरू झालं. डॉक्टरांना सगळं माहीत आहे, पण कुणी तोंड उघडत नाही.’ जिममध्ये किंवा क्रिकेट खेळताना एखादा मुलगा गेल्याची बातमी आली, की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो.

पहिलंच वाक्य धादांत खोटं आहे. ३ मे २०१५ ला उत्तर लंडनमध्ये रग्बी लीगचा सामना होता, लंडन स्कॉलर्स विरुद्ध कीथली कूगर्स. कीथलीचा डॅनी जोन्स २९ वर्षांचा, वेल्सच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. त्याला बरं वाटेना, म्हणून तो बाहेर आला आणि त्याचं हृदय थांबलं. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण तो वाचला नाही. घरी पाच महिन्यांची जुळी बाळं होती. त्याच्याही आधी, जून २००३ मध्ये, कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए फ्रान्समध्ये भर सामन्यात कोसळून गेला. वय २८. तेव्हा कुठला कोविड आणि कुठली लस!

मेसेजसोबत बऱ्याचदा डेन्मार्कच्या ख्रिश्चन एरिक्सनचा फोटो असतो. जून २०२१ मध्ये तो कोसळला हे खरं. पण त्याने लस घेतलेलीच नव्हती, हे त्याच्या इंटर मिलान क्लबच्या संचालकांनी लगेच सांगितलं होतं. शिवाय तो वाचला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा खेळायला लागला.

‘तंदुरुस्त होता, मग हृदयाला काय होणार?’ जोन्सला आनुवंशिक हृदयविकार होता आणि तो गेल्यावरच ते कळलं. पिळदार शरीर बघून आतल्या रक्तवाहिन्या कशा आहेत ते कळत नाही.

आता लसीचं. एमआरएनए प्रकारच्या लसींनंतर (फायझर, मॉडर्नाच्या) काही तरुण मुलांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली, क्वचितच, पण आली. हे लपवलेलं नाही, डॉक्टरांनीच नोंदवलं आहे. आपल्याकडे बहुतेकांना मिळाल्या त्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन, आणि त्या एमआरएनए प्रकारच्या नव्हेत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातल्या, वरवर तंदुरुस्त असलेल्यांच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागलेल्यांत, घराण्यात कुणी अचानक गेलेल्यांत, आणि आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम झालेल्यांत.

‘कुणी तोंड उघडत नाही’ हे वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो. डॅनीची बायको लिझी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेम्ब्लीवर, रग्बी लीगच्या चॅलेंज कप स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी, भरल्या स्टेडियमसमोर गायली. त्याच्या नावाने निधी उभा राहिला, त्यातून क्लबांना डिफिब्रिलेटर, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारी यंत्रं, मिळाले. रग्बी लीगमध्ये खेळाडूंची हृदयतपासणी सक्तीची झाली. हृदय थांबल्यावर छाती दाबायला आणि शॉक द्यायला जितका उशीर, तितकी वाचण्याची आशा मिनिटागणिक घटते. एरिक्सन वाचला तो याच तत्परतेमुळे.

म्हणून पुढच्या वेळी हा मेसेज आला, की पाठवणाऱ्याला विचारा: तुमच्या घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेलंय का? खेळताना मुलाला कधी भोवळ आलीय, छातीत दुखलंय? उत्तर हो असेल, तर मुलाला याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञाकडे घेऊन जायला सांगा.