इशारा पातळी

आमच्या घरी सकाळी सव्वासहा वाजता पोट दुखते. ते पोट तिसरीतल्या माझ्या मुलाचे असते आणि रिक्षावाले काका कोपऱ्यावर हॉर्न वाजवून वाजवून निघून गेले की ते आपोआप थांबते. कोणत्याही औषधाचा या दुखण्यावर परिणाम झाल्याचे आजवर आढळलेले नाही. रविवारी मात्र ते येत नाही.

पावसाळ्यात पोटाला जरा विश्रांती मिळते, कारण तेव्हा सगळी भिस्त पंचगंगेवर असते. आम्ही कोल्हापूरचे. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे चिरंजीवांना सातच्या पाढ्यापेक्षा पक्के पाठ आहे. जुलैमध्ये उठल्याबरोबर, दात घासण्याच्याही आधी, तो ‘पाणी किती झालं?’ असे इतक्या आस्थेने विचारतो की, या मुलाला पूरग्रस्तांची फार काळजी आहे, असा शेजारच्या काकूंचा समज झाला आहे. शाळांची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, हेही त्याला ठाऊक आहे. मुख्यमंत्र्यांचे नाव विचारले तर तो डोके खाजवतो.

या कामी त्याला आजीचे पाठबळ आहे. “एक दिवस न्हाई गेला तर काय आभाळ कोसळतंय व्हय रे?” असे आई म्हणते, तेव्हा मी थक्क होतो. मला अंगात कणकण असतानाही गावच्या शाळेत पिटाळणारी ती हीच. 1995 साली पोषण आहाराची योजना आली आणि ती आमच्या शाळेपर्यंत पोहोचल्यावर, महिन्यात 80 टक्के हजेरी भरली तर तीन किलो तांदूळ मिळू लागला. आई कॅलेंडरवर माझ्या खाड्यांच्या फुल्या मारून ठेवी आणि तांदूळ बुडण्याची चिन्हे दिसू लागली की माझा ताप तिच्या नुसत्या नजरेने उतरे.

खुद्द शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. दंड मुलाला नव्हे, बापाला. यातले मर्म मला परवा बाईंनी शाळेत बोलावले तेव्हा कळले.

कामाचे दिवस 26, हजर दिवस 17. मी पोटदुखीचे पुराण लावले. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि रजाचिठ्ठ्या पुढे सरकवल्या. नऊ खाड्यांपैकी पोटाचे अवघे तीन होते. उरलेले सहा माझे होते: बारशासाठी गावी मुक्काम तीन दिवस, नरसोबाची वाडी एक दिवस, आणि मला रजा मिळाली म्हणून सहकुटुंब पन्हाळा दोन दिवस. प्रत्येक चिठ्ठीवर माझ्याच सुवाच्य अक्षरात ‘ताप आल्यामुळे’ असे लिहिलेले होते. “रक्त तपासून घेतलंत का?” बाईंनी विचारले. त्या हसत नव्हत्या, त्यामुळे मलाही हसता येईना.

मग त्यांनी वही उघडली. वाडीला आम्ही बासुंदी खात होतो त्याच आठवड्यात वर्गात हातच्याची वजाबाकी झाली होती, आणि चिरंजीव आता 42 मधून 17 वजा करून 35 उरवत होते. दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन काढावेत, हा त्याने स्वतःच काढलेला तोडगा. (अडचण आली की ती उलटी करून पाहण्याचा हा गुण आमच्या घराण्यातलाच आहे.) पुढचा भागाकार याच वजाबाकीवर उभा राहणार होता, म्हणजे एका दिवसाची बासुंदी दिवाळीपर्यंत पुरणार होती. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरायला हवी, हे मला ठाऊक होते. ती भरलेली असताना मुलाने आत असायला हवे, हे मी फारसे मनावर घेतले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात पावसाने झोडपले. सकाळी पाणी बरोबर 39 फुटांवर होते.

“बाबा, धोका पातळीला अजून किती?”

“वहीत करून बघ,” मी म्हणालो.

त्याने 43 खाली 39 मांडले. तीनातून नऊ जाईनात, तेव्हा नवातून तीन काढले आणि चारातून तीन. उत्तर आले 16. त्याचा चेहरा पडला. सोळा फूट पाणी काही साडेसातच्या आत चढत नाही, हे ओळखून त्याने मुकाट्याने दप्तर भरले, रेनकोट चढवला आणि रिक्षात जाऊन बसला.

गणित चुकल्याचे मी त्याला तो घरी परतल्यावर सांगितले.