पंधरा दिवसांची नोटीस कुणासाठी?

गेले काही दिवस गोव्यातल्या बहुतेक व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो आधी भजनी मंडळाच्या गटातून आला, मग जुन्या वर्गमित्रांकडून, मग घरच्यांकडून. त्याचं सांगणं असं: सरकार लोकांनी निवडून दिलेलं आहे, न्यायाधीशांना कुणी निवडून दिलेलं नाही, तरी कोर्ट सरकारला काम करू देत नाही. गोव्याच्या खाणी कोर्टानेच बंद पाडल्या. सरकारचं चुकलं तर लोकायुक्त आहे, पाच वर्षांनी निवडणूक आहे. आणि बेकायदा घरांवर बुलडोझर घालायला नोटीस कशाला हवी? पाठवणारी माणसं माझीच आहेत आणि तळमळीने पाठवतात. तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

निवडून देण्याचीच गोष्ट आधी घेऊ. 2021च्या फेब्रुवारीत आपल्याकडे पालिका निवडणुकांसाठी प्रभागांचं आरक्षण जाहीर झालं. महिलांसाठी किमान एक तृतीयांश प्रभाग राखीव हवेत, हे खुद्द राज्यघटनेत लिहिलेलं आहे. मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांत त्याचा हिशेब बसत नव्हता. लोक उच्च न्यायालयात गेले, 1 मार्चला गोवा खंडपीठाने ते आरक्षण रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे 12 मार्चच्या निकालात न्या. नरिमन यांच्या पीठाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. राज्य निवडणूक आयुक्ताचं काम पाहत होते सरकारचेच कायदा सचिव, अतिरिक्त ताबा म्हणून! ज्यांच्या पक्षाचे उमेदवार मैदानात, त्यांच्याच हाताखालचा अधिकारी पंच. सरकारी सेवेतल्या माणसाला हे पद देता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं, आणि ते एकट्या गोव्याला नव्हे, सगळ्या राज्यांना. त्या मार्चमध्ये आपल्या मताची राखण कोण करत होतं, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी मला सांगावं.

न्यायाधीश निवडून आलेले नाहीत, हे खरं. पण मंत्र्याला जो अधिकार मिळतो तो विधानसभेने केलेल्या कायद्यातून. त्या कायद्याबाहेर जाऊन काढलेला आदेश रद्द झाला, तर मान राहतो तो विधानसभेचाच.

खाणींचं दुखणं मोठं आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागात बँकेचं कर्ज काढून घेतलेले ट्रक वर्षानुवर्षं अंगणात उभे राहिले. त्या घरांशी मी वाद घालणार नाही. पण क्रम तपासा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर 10 सप्टेंबर 2012 रोजी खाणकाम थांबवलं ते राज्य सरकारने. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ऑक्टोबरमध्ये. एप्रिल 2014मध्ये त्याच न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली आणि सांगितलं की जुन्या लीजांची मुदत 2007मध्येच संपलेली आहे. यानंतर कायद्याला धरून नव्याने लीज देण्याची वाट सरकारला मोकळी होती. सरकारने काय केलं? जुन्याच मालकांच्या 88 लीजांचं नूतनीकरण. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश 12 जानेवारी 2015ला निघाला, आणि यातल्या काही लीजांवर सही झाली ती नेमकी त्याच दिवशी. फेब्रुवारी 2018मध्ये ती सगळी रद्द झाली आणि 16 मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. सरकारने 2015मध्येच लिलाव केले असते तर ट्रकवाल्यांवर दुसऱ्यांदा ती वेळ आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

लोकायुक्त? न्या. पी. के. मिश्रा सप्टेंबर 2020मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपण 21 अहवाल दिले आणि सरकारने एकावरही कारवाई केली नाही. काही महिन्यांतच, जानेवारी 2021मध्ये, विधानसभेत दुरुस्ती आणून लोकायुक्ताचे अधिकार आणखी कमी केले गेले. पाच वर्षांनी निवडणूक आहे म्हणता, तर नगरनियोजन कायद्याचं कलम 17(2) आठवा. 2023मध्ये प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त करण्यासाठी’ ते आलं आणि त्यातून भातशेती, बागायतीचे तुकडे वस्तीच्या झोनमध्ये जाऊ लागले. मार्च 2025मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. कुणी कोर्टात गेलंच नसतं तर निवडणुकीपर्यंत किती शेतांत डंपरने माती पडली असती?

आता बुलडोझर. 13 नोव्हेंबर 2024चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बेकायदा बांधकामांना संरक्षण देतो, असं मजकुरात ठोकून दिलंय. निकालात नेमकं उलट आहे. रस्ता, फूटपाथ, रेल्वेची जागा किंवा नदीपात्रातल्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाहीच. बाकीच्यांना पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणं देऊन लेखी आदेश आणि त्यावर अपिलासाठी आणखी पंधरा दिवस. नियम मोडून पाडलं तर भरपाई त्या अधिकाऱ्याच्या खिशातून.

आणि कारवाई अडते ती नेहमी कोर्टातच का? 6 डिसेंबर 2025च्या रात्री हडफडेच्या नाइटक्लबात आग लागून 25 जण गेले. पंचायतीने ते बांधकाम पाडायला नोटीस काढली होती आणि तिला पंचायत संचालनालयातून स्थगिती मिळाली होती, असं त्या आठवड्यात सगळ्या पेपरांत आलं. संचालनालय हे सरकारचंच खातं.

नोटीस कुणाला लागते ते आमच्या वाड्यावर पाहिलंय. एका काकींच्या दारावर कागद चिकटवलेला होता: बांधकाम बेकायदा आहे, खुलासा करा. घर मुंडकारीचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, सासऱ्यांच्या आधीपासूनचं. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाव भाटकाराचं, जमीनमालकाचं. काकींनी फक्त पडकी भिंत मातीऐवजी चिऱ्याने बांधली होती. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घरपट्टीच्या पावत्या, सगळ्यांत जुनी घडीवर फाटलेली, विजेची बिलं, मामलेदाराकडे केलेल्या मुंडकार नोंदणीच्या अर्जाची पोच. आम्ही ओसरीवर पावत्या वर्षांप्रमाणे लावत बसलो. एका वर्षाची सापडेना, ती देवाच्या फोटोमागे निघाली. सगळ्याला चार संध्याकाळी लागल्या. बाराव्या दिवशी खुलासा दिला, त्याची पोच घेतली, आणि सुनावणीला काकी स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.