जुहूचा तो शंख ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ नाही

जुहूला भरतीनंतर सापडला म्हणून एका शंखाचा फोटो व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरतोय. सोबतचा मजकूर असा: हा खोल समुद्रातला अतिदुर्मीळ ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ आहे, त्रिकोणी नक्षीवरून ओळखा, चकाकी ही अस्सलपणाची खूण, किंमत लाखांत, मिळाल्यास खालच्या नंबरवर फोन करा. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी नक्षी, कारण फसगत तिथेच होते. तपकिरी रेघांचे पांढरे त्रिकोण कोनस या शंकूच्या आकाराच्या शंखांच्या वंशातल्या कितीतरी जातींवर असतात. फोटोतला शंख नीट बघा: अंग फुगीर, शेंडा बुटका, मधूनमधून पिवळसर तपकिरी डाग आणि त्या डागांवर उभ्या, बारीक, नागमोडी गडद रेघा. हा कोनस टेक्स्टाइल. उथळ पाण्यात राहणारा, शंखांच्या दुकानांत नेहमी दिसणारा. ‘ग्लोरी ऑफ इंडिया’, म्हणजे कोनस मिल्नेएडवर्ड्साय, अंगाने सडपातळ असतो. त्याचा शेंडा चांगला उंच, आणि प्रत्येक वेढा पायरीसारखा वर चढत गेलेला. रंग उडाला तरी ही ठेवण बदलत नाही. म्हणून आधी शेंडा बघायचा, नक्षी नंतर.

चकाकीचं उलटंच आहे. जिवंत कोनसवर पातळ पापुद्रा असतो, त्याखाली नक्षी मंद दिसते. वाळूत घासला गेलेला शंख तर निस्तेजच होतो. इतकी चमक साफसफाईनंतरच येते.

राहिलं जुहू. ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ ही जात साधारण ५० मीटरहून खोल पाण्यातली, आणि मुंबईसमोर समुद्राचा तळ फार हळूहळू उतरतो. ट्रॉलरच्या जाळ्यातून एखादा शंख किनाऱ्यापर्यंत येऊ शकतो, पण सापडल्या जागेवरून जात ठरत नाही. अरबी समुद्राशी या जातीचं नातं मात्र खरं आणि फार सुंदर आहे. केबल टाकणाऱ्या जहाजावरच्या टाउनसेंड यांना इथे मिळालेल्या शंखांवरून १८९९ मध्ये मेल्व्हिल आणि स्टँडन या शंख-अभ्यासकांनी तिला कोनस क्लायटोस्पायरा म्हटलं. पण जुसोम या अभ्यासकांनी १८९४ मध्येच तिला कोनस मिल्नेएडवर्ड्साय हे नाव दिलेलं होतं, म्हणून आज तेच चालतं.

विक्रीचं आवाहन सगळ्यात वाईट. कोनस मिल्नेएडवर्ड्सायला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शंख खरा असता, तर तो विकणं आणि घेणं दोन्ही गुन्हा ठरला असता.

किनाऱ्यावर असा शंख दिसलाच तर शेजारी मोजपट्टी ठेवून शेंड्याचा, तोंडाचा आणि पाठीचा फोटो काढा. आत जीव असेल तर हात लावू नका. कोनस टेक्स्टाइलचा विषारी दंश माणसाला घातक ठरू शकतो, आणि त्या मेसेजमध्ये याबद्दल एक शब्दही नाही.